लग्नाच्या शूटिंगसाठी कॅमेरा घेताय? मेगापिक्सेलआधी सेन्सर बघा

गावाकडे फोटोग्राफीचा धंदा सुरू करणारे तरुण कॅमेरा घेताना पहिला प्रश्न विचारतात, "किती मेगापिक्सेलचा?" पण रात्रीच्या हळदीत फोटो स्वच्छ येणार की दाणेदार, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते बरंचसं ठरतं सेन्सरवर, म्हणजे लेन्समधून आलेला उजेड टिपणाऱ्या कॅमेऱ्यातल्या चिपवर.

दोन कॅमेरे, दोन सेन्सर

कॅननचेच दोन कॅमेरे घ्या. ईओएस १५००डी हा २४.१ मेगापिक्सेलचा, तर ईओएस आरपी २६.२ मेगापिक्सेलचा. आकड्यात फारसा फरक नाही. पण १५००डीचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटर आहे आणि आरपीचा ३५.९ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे अडीच पट. यालाच फुल फ्रेम म्हणतात.

जवळपास तेवढीच रोपं एका एकरात लावली आणि अडीच एकरात लावली, तर मोठ्या रानात प्रत्येक रोपाला जागा जास्त मिळते. तसंच मोठ्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलला उजेड जास्त मिळतो. दिवसा उन्हात काढलेले फोटो मोबाईलवर पाहिले तर दोन्हींत फरक ओळखणं अवघड. कमी उजेडात आयएसओ वाढवला की मात्र छोट्या सेन्सरवर दाणे लवकर दिसतात.

लेन्सचा हिशेब विसरू नका

१५००डीसोबत मिळणारी १८-५५ लेन्स पूर्ण झूमवर एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स लावली तर सेन्सरवर साडेनऊ पटीहून जास्त उजेड पडतो. म्हणजे सेन्सर बदलून मिळणाऱ्या फायद्यापेक्षा हा फायदा मोठा. अडचण एवढीच, की छोट्या सेन्सरवर ही लेन्स ८० मिलिमीटरसारखी दिसते. नवरा-नवरीचे चेहरे छान येतात, पण स्टेजवरच्या ग्रुप फोटोसाठी बरंच मागं सरकावं लागतं.

आरपी घेतला तरी १८-५५ लेन्सवर भागत नाही. ती अॅडॅप्टरने बसते, पण सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो आणि फोटो सुमारे १० मेगापिक्सेलचा येतो. म्हणून नव्या लेन्सचा खर्चही आधीच धरा.

थोडक्यात, हाताशी १५००डी असेल तर कर्ज काढून बॉडी बदलण्याआधी एफ १.८ लेन्स घ्या. घेताना दुकानातले दिवे कमी करायला सांगा, आयएसओ ३२०० वर फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून बघा.