जुना लॅपटॉप तापतोय? नवा घेण्याआधी हे करून बघा



नारायणगावात टोमॅटोचा हंगाम, पत्र्याचं शेड, दुपारचं ऊन. समोर शेतकरी पट्टीसाठी थांबलाय, लॅपटॉपचा पंखा घोंघावतोय आणि अचानक स्क्रीन काळी! मंचरच्या झेरॉक्सवाल्याचं किंवा ओतूरच्या खत-बियाणांच्या दुकानाचंही असंच होऊ शकतं. लगेच "हप्त्यावर नवा घेऊ" म्हणू नका. धंद्याचं भांडवल अडकवण्याआधी कारण शोधा.

तापतो का?
प्रोसेसरची उष्णता पंखा जाळीतून बाहेर फेकतो. जाळीत धूळ बसली की हवा अडते. प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही काही वर्षांत वाळते. बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा साधारण १०० अंश सेल्सिअस असते. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे "स्लो झालाय" असं वाटतं, तेव्हा अनेकदा तो तापलेला असतो.

आधी फुकटचे उपाय
१. गादीवर, मांडीवर ठेवू नका. टेबलावर ठेवून मागच्या बाजूखाली बाटलीची दोन झाकणं सरकवा. खालून हवा खेळेल.
२. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू कोण खातंय ते बघा, नको ते बंद करा.
३. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के करा. टर्बो वेग बंद होतो, उष्णता कमी होते. बिलिंगच्या कामाला सहसा फरक जाणवत नाही.

मग साफसफाई
लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, मऊ ब्रशने जाळी झाडा. उघडता येत नसेल तर मेकॅनिककडे द्या. "साफसफाई आणि पेस्ट दोन्ही" असं स्पष्ट सांगा, पैसे आधी ठरवा. कूलिंग पॅड नंतर. आतली धूळ त्याने निघत नाही.

इथे मात्र थांबायचं नाही
टचपॅड वर उचललाय किंवा तळ फुगलाय? बॅटरी फुगली असणार. चार्जिंग आणि वापर ताबडतोब बंद करा. दाबू नका, टोचू नका. ती पेट घेऊ शकते. जाणकाराकडूनच काढून घ्या.

साफसफाई आणि पेस्ट करूनही साध्या बिलिंगला लॅपटॉप बंद पडत असेल, तर नवा घ्यायचा विचार करा.

आणि हो, आजच उधारीचा हिशोब पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. लॅपटॉप दुसरा मिळेल. गेलेला हिशोब कोण देणार?