पोटातील पाणी काढण्यापूर्वी

सांगलीच्या पेठेतील एका धान्य व्यापाऱ्याच्या घरातील ही हकीकत. घरच्या आक्कांवर अंडाशयाच्या कर्करोगासाठी दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेली होती. दिवाळीनंतर त्यांच्या परकराची नाडी पुरेनाशी झाली. शेजारणी म्हणू लागल्या, "आक्का, तब्येत सुधारली हो!" वास्तविक दंड आणि गाल दिवसेंदिवस ओसरत होते, वाढत होते ते केवळ पोट. दोन घास भात खाल्ला की पोट गच्च होई. रात्री आडवे झाले की श्वास कोंडे, म्हणून तीन उशांना टेकून त्या बसल्या बसल्या डुलक्या घेत.

सोनोग्राफीत पोटात पाणी आढळले आणि डॉक्टरांनी ते काढण्याचा सल्ला दिला. अण्णांनी साफ नकार दिला. "एकदा पाणी काढलं की अंगातलं बळ जातं, आणि मग ते थांबत नाही," हे त्यांनी कुठेतरी ऐकले होते. विचार करण्यात आठ दिवस गेले. ते आठही दिवस आक्कांनी बसून काढले.

अण्णांची भीती अगदीच निराधार नव्हती, म्हणूनच ती समजून घेतली पाहिजे. पोटातील अवयवांभोवती एक पातळ दुपदरी आवरण असते. त्यात एरवी अगदी थोडा द्रव असतो. कर्करोगाच्या पेशी या आवरणावर पसरल्या की तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि द्रव परत शोषून नेणाऱ्या वाटा तुंबतात. आवक वाढते, जावक थांबते. कधी यकृतातील गाठींमुळे तेथील रक्तदाब वाढूनही पाणी साचते. अंडाशय, जठर, स्वादुपिंड, मोठे आतडे, यकृत, स्तन अशा अनेक अवयवांच्या कर्करोगात हे घडू शकते. पाणी काढल्यानंतर ते बहुधा पुन्हा भरते, हे खरे. पण ते आजारामुळे भरते, सुईमुळे नव्हे. त्या पाण्याबरोबर काही प्रथिने जातात, हेही खरे. परंतु ती शरीराच्या उपयोगातून आधीच निसटलेली असतात, आणि पोट दाबलेले असताना रोग्याला अन्न जात नाही, ही हानी त्याहून मोठी असते.

हा उपचार काही आजचा नाही. सुश्रुतसंहितेत जलोदरासाठी नाभीखाली डाव्या बाजूस छिद्र करून धातूची किंवा पिसाची नळी बसवावी, सगळे पाणी एकाच दिवशी काढू नये आणि नंतर पोट वस्त्राने बांधावे, असे सांगितले आहे. आजही डॉक्टर बहुधा डाव्या बाजूचा खालचा भागच निवडतात.

अखेर आक्कांच्या सुनेने अण्णांना डॉक्टरांसमोर बसवले आणि संमतीपत्रावर सही झाली. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती आधीच सांगावी लागते. आक्कांना हृदयासाठी तशी गोळी होती, आणि ती कधी थांबवायची हे डॉक्टरांनीच ठरवले. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. प्लेटलेट आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या झाल्या. विमा असेल तर दिवसभराच्या उपचाराचा त्यात समावेश आहे का, हे त्याच वेळी विचारून घेतलेले बरे. नंतर कागदांसाठी धावाधाव होते.

प्रत्यक्ष प्रक्रियेला भूल देऊन झोपवत नाहीत. लघवी करून यायला सांगतात, म्हणजे मूत्राशय रिकामे राहते. पाठीला उंच आधार देऊन निजवतात, सोनोग्राफीने जागा पाहून खूण करतात आणि कातडी जंतुनाशकाने पुसतात. मग बधिरतेचे इंजेक्शन. ते काही क्षण झोंबते, आणि बहुतेकांना एवढेच दुखते. पुढे नळी आत जाताना दाब जाणवतो. नळीतून पाणी पिशवीत उतरू लागते: कधी गवती पिवळे, कधी गढूळ, कधी लालसर. लालसर रंग पाहून नातेवाइकांनी घाबरून जाऊ नये. कर्करोगात तसे असू शकते. पहिल्या वेळी थोडे पाणी तपासणीसाठी पाठवतात. काम तासाभरात संपते किंवा काही तास चालते, मधूनमधून रक्तदाब पाहतात. आक्कांचे साडेचार लिटर निघाले. एक लिटर म्हणजे सुमारे एक किलो, हा हिशेब अण्णांनी तिथेच मांडला आणि बराच वेळ पिशवीकडे पाहत राहिले.

खूप पाणी काढल्यास, विशेषतः यकृताचा विकार असल्यास, शिरेतून अल्ब्युमिन देतात. ते मानवी रक्तद्रवापासून तयार होते. ज्यांना याविषयी जाणून घ्यायचे असेल त्यांनी आधीच विचारावे, ऐन वेळी वाद नको.

नंतर चक्कर येऊ शकते, म्हणून एकदम उठू नये. छिद्रातून एक-दोन दिवस पाणी झिरपते. दुसऱ्या कुशीवर निजल्याने ते कमी होते, आणि फारच झिरपले तर त्यावर पिशवी चिकटवता येते. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, रक्तस्राव, लघवी अगदी कमी होणे, भोवळ किंवा बरळणे यांपैकी काही दिसल्यास रात्र असली तरी रुग्णालयात फोन करावा. जंतुसंसर्ग किंवा आतड्याला इजा होण्याचा प्रसंग क्वचित येतो, पण तो अशक्य नाही.

जेवणाबाबत एकच नियम सर्वांना लागू नाही. पाणी यकृतामुळे असल्यास मीठ कमी करतात आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा उपयोग होतो. आवरणावरील गाठींमुळे असल्यास गोळ्या बहुधा फारसा परिणाम करीत नाहीत, आणि अशा वेळी उगाच अळणी जेवण देऊन उरलीसुरली भूक घालवू नये. मुगाचे वरण, दही, पनीर थोडे थोडे, अनेकदा द्यावे. चौविहार पाळणाऱ्यांनी औषधांच्या वेळा आणि पाण्याचे प्रमाण डॉक्टरांशी बोलून सूर्यास्ताआधी बसवून घ्यावे; जमत नसेल तर तेही मोकळेपणी सांगावे.

त्या रात्री आक्का महिन्याने आडव्या निजल्या. सकाळी त्यांनी अर्धी भाकरी मागून घेतली.

सुनेने दुकानातील एक कोरी वही घेतली आणि तीत तारीख, किती लिटर, वजन आणि पोट पुन्हा कधी ताठरले, हे लिहू लागली. दुसऱ्यांदा पाणी काढावे लागले ते एकोणीस दिवसांनी, तिसऱ्यांदा बाराव्या दिवशी. ती वही पाहून डॉक्टरांनी पोटात कायमची मऊ नळी बसवण्याचा पर्याय सुचवला. घरच्या घरी थोडे थोडे पाणी काढता येते, रुग्णालयाच्या खेपा वाचतात, मात्र स्वच्छता काटेकोर हवी. सुनेने हात कसे धुवायचे, पट्टी कशी बदलायची हे परिचारिकेकडून दोनदा करवून घेतले.

आक्कांनी एकच विचारले, "आंघोळ करता येईल ना?" जखम भरल्यावर, वर पाणी न शिरणारी पट्टी लावून येईल, असे डॉक्टर म्हणाले. "मग बसवा," आक्का म्हणाल्या, आणि अण्णांनी पेन काढले.