गळाला काय लावावे, आणि गळ कोणत्या पाण्यात टाकावा?



बीड जिल्हा म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो दुष्काळ, कोरडी पात्रे आणि दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडे. हा मासळीचा जिल्हा आहे असे कोणी म्हणणार नाही. तरीही पाऊसकाळ बरा झाला की सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा, वाण आणि कुंडलिका या नद्यांना पाणी येते. उत्तरेच्या शिवेवर गोदामाई आहेच. धरणे, पाझर तलाव, गावतळी आणि अलीकडची शेततळी यांतही पाणी साठते. पाणी आले की मासा येतो, आणि मासा आला की गावातली पोरे काठी-दोरी घेऊन काठावर बसतात.

गळ टाकणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असे आपण सहज म्हणतो. पण ही विद्या आपल्याच मुलखात जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये गळाने मासे धरण्याचे प्रकरण आहे. माशांचे प्रकार कोणते, कोणत्या माशाला कोणता चारा घालावा, याचा विचार त्यात केलेला आहे. मराठवाडा त्या काळी याच चालुक्यांच्या राज्यात होता. म्हणजे माशाची जात पाहून आमिष निवडावे, हे आपल्याला बाहेरून कोणी येऊन शिकवायला नको.

अमेरिकेत ‘बास’ नावाच्या माशामागे हौशी लोक वेडे असतात. तो झुडपांच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि समोरून काही हलले की झडप घालतो. आपल्याकडे हीच चाल मरळीची. म्हणून या लेखात मुख्य विचार मरळीचा केला आहे आणि जोडीला रोहू, कटला, मृगळ यांचा.

पाणी कसे ओळखावे

आधी पाणी कोणाच्या हक्काचे आहे ते विचारावे. माजलगाव, धनेगावचे मांजरा, पालीजवळचे बिंदुसरा, नागापूरचे वाण अशा धरणांतील मासेमारी शासन ठेक्याने देते, आणि बहुतेक ठिकाणी हा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेने पैसे भरून बोटुकली सोडलेली असतात आणि भोई बांधवांची चूल त्यावर पेटते. तेथे हौसेचा गळ टाकायचा तर संस्थेच्या माणसाला आधी विचारावे. गावतळ्यासाठी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. अडचण आली तर जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात जावे.

आता पाण्याची पारख. मरळ खोल, उघड्या पाण्यात फारशी सापडत नाही. तिला आडोसा लागतो. लव्हाळे, पाणकणीस, कमळाची पाने, काठावरचे बेशरम, पाण्यात बुडालेली बाभळीची खोडे ही तिची घरे. पाणी गढूळ असो, उन्हाळ्यात डबक्याएवढे उरलेले असो, ती तग धरते. याचे कारण असे की मरळ इतर माशांप्रमाणे कल्ल्यांनी श्वास घेतेच, शिवाय वर येऊन तोंडाने हवाही घेते. म्हणून ज्या डबक्यात रोहू गुदमरून मरतो, तेथे मरळ जिवंत राहते. बाजारातही ती टोपल्यात जिवंत विकली जाते.

गळकऱ्याला याचा मोठा उपयोग आहे. काठावर पाव तास गप्प बसावे. आडोशाजवळ ‘बुडुक’ असा आवाज होऊन पाण्यावर कडे उठले की समजावे, मरळ हवा घ्यायला वर आली. थोड्या वेळाने त्याच भागात पुन्हा कडे उठेल. आमिष तेथून हात-दोन हात पुढे टाकावे, डोक्यावर टाकू नये.

रोहू, कटला आणि मृगळ यांची तऱ्हा वेगळी. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. धरणाच्या फुगवट्यात जेथे ओढा येऊन मिळतो तेथे पाण्याबरोबर चारा येतो, म्हणून ही जागा चांगली. मात्र सांडव्याखाली आणि दारांच्या पुढे कधीही बसू नये. पाणी सुटले तर पळायला वेळ मिळत नाही.

आपल्या जिल्ह्यात एका वर्षीची खूण दुसऱ्या वर्षी चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते आपण पाहिले आहे. धरण आटून पुन्हा भरले की मासळी नव्याने वाढायला दोन-तीन वर्षे लागतात. अशा पाण्यात पहिल्या वर्षी लहान मासा सोडून द्यावा.

कोणत्या माशाला कोणता चारा

रोहू आणि मृगळ यांना कणकेचा गोळा चालतो. कणीक आणि भाजलेली भुईमुगाची पेंड निम्मी-निम्मी घ्यावी, थोडा गूळ घालून घट्ट मळावी. गोळा बोराच्या बीएवढा करावा आणि गळाचे टोक झाकेल असा लावावा. सैल मळला तर पाण्यात विरघळतो, फार घट्ट मळला तर टोक माशाच्या तोंडात रुतत नाही. आदल्या संध्याकाळी त्याच जागी मूठभर पेंड आणि कोंडा टाकून ठेवला तर मासा जागेवर रेंगाळतो. टोपलीभर टाकू नये. मासा पोट भरून निघून जातो आणि उरलेला चारा कुजून पाणी बिघडते.

गांडूळ हे सर्वांत भरवशाचे आमिष. चिलापी, शिंगाडा, वाम, लहान मरळ, सगळे त्याला येतात. शेणखताच्या ढिगाखालची ओल उकरली की मिळते. नाकतोडाही चांगला. ज्वारीच्या रानातून सकाळी दव असताना धरावा, तेव्हा तो सुस्त असतो.

तरंगासाठी पैसे खर्चू नयेत. ज्वारीच्या धांड्यातील भेंडाचा बोटभर तुकडा दोरीला बांधला की झाले. तरंग आडवा पडला तर मासा आमिष वर उचलतो आहे. सरळ खाली गेला तर तोंडात घेऊन निघाला आहे. पहिल्या थरथरीला ओढू नये.

बेडकी लावावी का?

शेतीशाळेत हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. “साहेब, बेडकी लावली की मरळ लगेच येते, मग लावावी का?” मरळ येते हे खरे. पण उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याला शेतीचे कारण आहे. बेडूक रात्रभर किडे, नाकतोडे आणि पतंग खातो. आपण दुकानातून औषध आणून जे काम करतो, ते तो फुकट करतो. बेडकाच्या तंगड्यांसाठी देशात इतके बेडूक मारले गेले की अखेर १९८७ साली त्यांची निर्यात बंद करावी लागली. मोठ्या बेडकाला तर वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. शेताच्या राखणदाराला गळाला टोचणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

त्याऐवजी रबरी बेडूक मिळतो, तो घ्यावा. त्याचे गळ पाठीला चिकटून असतात. त्यामुळे तो पाल्यावरून, कमळाच्या पानांवरून न अडकता सरकतो. मरळीने तोंडात धरला की रबर दबते आणि गळ उघडा पडतो. पानावर टाकावा, दोन क्षण थांबावे, मग टुकटुक उडवत मोकळ्या पाण्यात आणावा. मरळ झडप घालते तेव्हा पाणी उडते आणि नवखा माणूस लगेच हिसका मारतो. आमिष तोंडातून निसटते. मनात एक-दोन-तीन म्हणावे, दोरी ताणली गेली की मग ओढावे. मरळीचे दात तीक्ष्ण असतात. म्हणून गळाजवळ वीतभर बारीक पोलादी तार बांधावी, नायलॉन कापले जाणार नाही.

मोकळ्या पाण्यात ‘चमचा’ चालतो. हा खरोखर चमच्यासारखा धातूचा तुकडा असतो. ओढला की डगमगतो, चमकतो आणि जखमी माशासारखा दिसतो. अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल याने १८५२ साली याचे पेटंट घेतले. जेवणाचा चमचा पाण्यात पडला आणि मासा त्यावर धावला, यावरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. आपणही घरी करू शकतो. जुन्या स्टीलच्या चमच्याचा दांडा कापावा, कडा कानशीने घासाव्यात, दोन्ही टोकांना भोके पाडून एकीकडे दोरी आणि दुसरीकडे कडीने गळ अडकवावा.

निवडीचा नियम सोपा आहे. पाणी गढूळ असेल तर आवाज करणारे, पाणी हलवणारे, ठळक रंगाचे आमिष. पाणी निवळ असेल तर त्या पाण्यातल्या लहान माशाच्या रंगाचे. झाडोरा असेल तर रबरी बेडूक, मोकळे असेल तर चमचा.

केव्हा बसावे, केव्हा बसू नये

हस्त नक्षत्र सरले, पाणी निवळू लागले की दिवाळीपर्यंतचे दिवस चांगले. पुढे थंडीत मासा सुस्तावतो आणि कमी खातो. तेव्हा उन्हे वर आल्यावर बसावे. होळीनंतर मरळ पुन्हा जोर धरते. उन्हाळ्यात पहाट आणि तिन्हीसांजा या दोनच वेळा खऱ्या.

मृगापासून आश्लेषा सरेपर्यंत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मात्र काठी खुंटीला टांगावी. हा माशांच्या विणीचा काळ. मरळ पाल्यात जागा साफ करून अंडी घालते आणि ती अंडी पाण्यावर तरंगतात. पिले निघाली की तांबूस-नारिंगी पिलांचा थवा पाण्याच्या पृष्ठावर फिरताना दिसतो. त्याच्या खाली आई-बाप राखण करीत असतात. थव्याजवळ काहीही टाकले तरी ते धावून येतात. ते भुकेने येत नाहीत, पिले राखायला येतात. या वेळी मरळ धरणे सर्वांत सोपे, आणि म्हणूनच सर्वांत वाईट. राखणदार गेला की शेकडो पिले इतर माशांच्या आणि बगळ्यांच्या पोटी जातात. एक मरळ ताटात आली, पण तळ्याचे पुढचे पीक गेले. पेरणीचे बियाणे दळून भाकरी करण्यासारखेच हे झाले.

शेततळ्यातील गळ

अनेकांनी शेततळ्यात रोहू-कटला सोडले आहेत. घरच्या कालवणापुरता मासा काढायला दर वेळी जाळे ओढण्यापेक्षा गळ बरा. मात्र प्लॅस्टिक कागदाच्या तळ्यात गळ तळाला जाऊ देऊ नये. टोक कागदात घुसले आणि आपण ओढले की तळ्याला भोक पडले. तरंग वर बांधून गळ अधांतरी ठेवावा आणि शिसे लावू नये. बोटुकली सोडलेल्या तळ्यात मरळ आणून टाकू नये, ती पिले फस्त करते. थाई मांगूर गळाला लागला तर कोणत्याच पाण्यात परत सोडू नये. त्याच्या पालनाला केंद्र शासनाने २००० सालीच बंदी घातली आहे.

आता जिवाची गोष्ट. कागदाचे शेततळे म्हणजे तेल लावलेली घसरण आहे. आत पडलेल्या माणसाला, पोहता येत असले तरी, वर चढता येत नाही. म्हणून चारी बाजूंना गाठी मारलेले जाड दोर आत सोडून ठेवावेत, फुगवलेली ट्यूब बांधून ठेवावी आणि कुंपण करून फाटकाला कुलूप लावावे. मुलाला गळ टाकायला एकटे पाठवू नये. आयाबहिणींनी ही गोष्ट घरात ठामपणे सांगावी. दोराचा खर्च एका हंगामाच्या फवारणीपुढे काहीच नाही.

हे मात्र करू नये

काही जण गळाचा धीर नाही म्हणून तळ्यात कीटकनाशक ओततात, सुरुंग उडवतात किंवा मोटारीची वायर पाण्यात सोडतात. इंग्रजांच्या अमलातील १८९७ च्या मत्स्य कायद्यातही विष आणि सुरुंग यांना मनाई होती, आणि आजही तो गुन्हा आहे. विजेच्या तारेने तर माणसेच मरतात. विषाने मेलेला मासा शिजवला म्हणून विष जात नाही, ते घरातल्या लेकरांच्या ताटात येते. तेच पाणी गुरे पितात.

विष मुद्दाम ओतावे लागते असेही नाही. कपाशीवर मारतो ती सायपरमेथ्रीनसारखी औषधे माशाला अगदी थोड्या मात्रेतही घातक असतात. फवारणीचा पंप ओढ्यात किंवा तळ्यात धुऊ नये. धुतलेले पाणी पडीक जागी, पाण्यापासून दूर ओतावे. रिकामा डबा पाण्यात फेकू नये. कोठे मासे उताणे तरंगताना दिसले तर ते उचलून घरी आणू नयेत, गुरांना ते पाणी पाजू नये आणि ग्रामपंचायतीला लगेच कळवावे.

बंधूंनो, वरचे सगळे विसरलात तरी चार गोष्टी ध्यानात असू द्या. पाणी कोणाचे ते विचारा. जागा पाहून आमिष निवडा. पिलांवरची मरळ सोडा. आणि काठावर लेकराला एकटे सोडू नका. एवढे सांभाळले तर आपल्या या कमी पावसाच्या जिल्ह्यातही, तळे भरेल त्या वर्षी, कालवणापुरता मासा तळ्यात नक्की राहील.