गादी सरकली, हंगाम हुकला

चेंबूर येथे १९९४ साली जन्मलेला मुंबईचा फलंदाज श्रेयस अय्यर मार्च २०२३मध्ये अहमदाबादच्या चौथ्या कसोटीत, ऑस्ट्रेलियाविरुद्ध संघात असूनही, पाठदुखीमुळे फलंदाजीस उतरू शकला नाही, आणि एप्रिलमध्ये लंडन येथे त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. मणक्यांमधील गादी सरकून मज्जातंतूवर दाब आला, म्हणजे दुखणे कंबरेपुरते न राहता थेट पायाच्या बोटांपर्यंत उतरते. अय्यरनेही पुढे आपली व्यथा अशीच वर्णिली. शस्त्रक्रियेने हा दाब हटतो खरा, परंतु दुखावलेल्या मज्जातंतूस कोणाचीही ताकीद लागू पडत नाही, आणि वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या तरुणास प्रारंभी केवळ चालण्याफिरण्याचीच मुभा असते, हाच या सक्तीच्या विश्रांतीतील खरा जाच होय. आयपीएलचा हंगाम हुकला. जूनमधील कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामनाही हुकला. बेंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत पुनर्वसन करून २ सप्टेंबरला आशिया चषकात, पाकिस्तानविरुद्ध, तो संघात रुजू झाला, १४ धावा केल्या, आणि लगोलग पाठ आखडल्याने पुन्हा बाहेर बसला. (त्याला तेव्हाच निकालात काढणाऱ्यांनी घाई केली, असे आमचे मत आहे.) २४ सप्टेंबरला इंदूर येथे त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १०५ धावा काढल्या; विश्वचषकात एकंदर ५३०, त्यांत १५ नोव्हेंबरला वानखेडेवरील उपांत्य सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध ७० चेंडूंत १०५. मार्च २०२४च्या रणजी अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध ९५ धावा केल्यावर मात्र पाठीने पुन्हा तक्रार केलीच.