वानराचं वजन पोटात असतं

टिनाच्या छपरावर हुप्प्या उतरतो तेव्हा आतल्या माणसाला वाटतं, सोयाबीनचं पोतंच कोणी वरून टाकलं. मग ओसरीवर अंदाज सुरू होतात. कोणी चाळीस किलो म्हणतं, कोणी पन्नास. प्रत्यक्षात अमरावती-अकोल्याकडचा भरल्या अंगाचा नर १६ ते २० किलोचा असतो आणि वानरीण ११-१२ किलोची. आवाज मोठा येतो तो उडीमुळे. आडवी उडी वानर चार-साडेचार मीटरची मारतो, पण उंचावरून खाली झेपावताना दहा-बारा मीटरही सहज पार करतो. हिमालयातले त्याचे भाऊबंद याहून थोराड असतात. तिकडे साडेसव्वीस किलोच्या नराची नोंद आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एवढं अंग बाळगणं परवडणारं नाही.

डोक्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजलं तर वानर ५० ते ७५ सेंटिमीटर भरतो. शेपूट मात्र ७० सेंटिमीटरपासून मीटरभरापर्यंत, म्हणजे अंगाहून लांबच. या शेपटीने तो काही पकडत नाही, ती तोल सांभाळायला. वऱ्हाडातल्या माणसाने ती जरा निरखून पाहावी. उत्तरेकडचा वानर चालताना शेपटीची कमान पाठीवरून पुढे आणतो, टोक डोक्याकडे. दक्षिणेकडच्याचं टोक मागे झुकलेलं. प्राणीशास्त्रज्ञ एम. एल. रूनवाल यांनी देशभरातल्या वानरांची अशी विभागणी करून दाखवली आणि तिची सीमा तापी-गोदावरीच्या पट्ट्यात ठेवली. मेळघाटातली सिपना, खापरा, गडगा हे सगळं पाणी तापीलाच जातं. म्हणजे आपण त्या सीमेच्या अगदी शेजारी राहतो, आणि दुर्बिणीशिवाय करता येईल असं हे निरीक्षण गावच्या पारावर बसूनही जमतं.

लाल तोंडाच्या माकडाशी मात्र वानराची गल्लत करू नये. ते माकड वजनाने वानराच्या निम्मं. नर आठ किलोच्या आसपास. त्याच्या गालात पिशव्या असतात. हाताला लागलं ते गालात कोंबायचं आणि झाडावर जाऊन निवांत खायचं, ही त्याची रीत. वानराला गालपिशव्या नाहीत. त्याची पिशवी पोटात आहे, आणि त्याची बाकी सगळी मापं त्या पिशवीनेच ठरवली आहेत.

पान हे तसं भिकार अन्न. सगळीकडे मिळतं, पण त्यात कस कमी आणि चोथा फार. त्यातलं सेल्युलोज कुठल्याच सस्तन प्राण्याला स्वतःच्या पाचकरसांनी पचवता येत नाही. ते काम जिवाणूंकडून करून घ्यावं लागतं. गाईने त्यासाठी पोटात कप्पे केले. वानरानेही तेच केलं. त्याचं जठर कप्प्याकप्प्यांचं असतं. पुढच्या मोठ्या भागात जिवाणू पाला आंबवतात, त्यातून तयार होणारी मेदाम्लं वानर शोषून घेतो, आणि मागाहून ते जिवाणूही पचवतो. बाउचॉप आणि मार्टुची या संशोधकांनी १९६८ साली ‘सायन्स’मध्ये हे पचन गाई-म्हशींसारखं असल्याचं दाखवलं. पूर्ण वाढलेल्या वानरात जठर आणि त्यातला ऐवज मिळून अंगाच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्यापर्यंत जातात. अठरा किलोच्या हुप्प्याचे तीन किलो असे नुसते पोटातच गेले. ते सुटलेलं पोट लाडू-पेढ्यांचं नाही. सकाळी खाल्लेलं दुपारभर सावलीत बसून जिरवायचं, एवढं काम त्याला असतं. त्याला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे.

यातली मला सर्वांत नवलाची वाटणारी गोष्ट १९८७ साली ‘नेचर’मध्ये आली. जिवाणू फोडून पचवायला लायसोझाइम नावाचं एक विकर लागतं. अश्रूंत आणि लाळेत ते आपल्यातही असतं, पण जठरातल्या आम्लात टिकून काम करण्यासाठी त्यात बदल व्हावे लागतात. असे बदल गाईत झाले आणि वानरातही झाले, वेगवेगळे, एकमेकांशी संबंध नसताना, आणि त्यांतले काही तर नेमके त्याच जागी. गाय आणि वानर यांचं नातं कोट्यवधी वर्षांपूर्वी तुटलेलं. एकाच अडचणीवर दोघांना एकच तोड सापडली.

आता हरभऱ्याच्या वावराकडे या. कोवळ्या पानांत आणि घाट्यांत प्रथिनं भरपूर आणि चोथा कमी. वानर जंगलातही हेच शोधत असतो: कोवळी पालवी, कळ्या, शेंगा, बिया. मध्य प्रदेशातल्या कान्हाच्या जंगलात त्याच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा पाला आणि पालवी मिळून साधारण निम्मा वाटा निघाला; उरलेल्यात फुलं, फळं, बिया आणि थोडे किडेही होते. मेळघाटात साग पानं गाळतो तेव्हा त्याला पळसाच्या फुलांवर, वड-पिंपळाच्या पालवीवर आणि उंबरांवर दिवस काढावे लागतात. आणि डोंगराच्या पायथ्याशी अकोट, अंजनगाव, परतवाडा या बाजूला हरभरा, तूर, केळी, पानमळे, संत्र्याचा कोवळा फुटवा असं सगळं एका रांगेत मांडलेलं. कळप उतरला नाही तरच नवल. शेतकऱ्याचा संतापही खरा आहे. दिवसभर राखण करून, गोफण फिरवून हात दुखतात आणि कळप बांधाच्या पलीकडे बसून वाट पाहत असतो. याच गावांत वानर मेला तर वर्गणी काढून, भजन म्हणत त्याला माती दिली जाते. दोन्ही वागण्यांत खोटं काही नाही.

आता वानराच्या आयुष्याचं गणित. वानरीण साधारण २०० दिवस गाभण राहते आणि एका वेळी एकच पिल्लू देते. ते काळपट अंगाचं, गुलाबी तोंडाचं असतं. काही महिन्यांत तोंड काळं होतं आणि अंग उजळतं. पहिले काही दिवस ते आईबरोबरच मावश्या-आत्यांच्याही हातात दिसतं, कारण कळपातल्या वानरिणी ते ओढून घेतात. वर्षभराने दूध सुटतं. मादी साडेतीन-चार वर्षांत पहिल्यांदा विते, नराला जोम यायला सहा-सात वर्षं लागतात.

नराचं पुढे कठीण असतं. बहुतेक कळपांत हुप्प्या एकच, बाकी वानरिणी आणि पोरं. वयात आलेले नर बाहेर पडतात, बिऱ्हाड नसलेल्यांची टोळी करून हिंडतात आणि संधी मिळाली की एखाद्या हुप्प्याला हुसकावतात. नवा आलेला कधीकधी कळपातली दूधपिती पिल्लं मारतो. जपानच्या युकिमारू सुगियामांनी हे १९६२ साली आपल्या शेजारच्या राज्यात, धारवाडला पाहिलं. पुढे जोधपूरला एस. एम. मोहनोत आणि अबूच्या डोंगरात सारा हर्डी यांनी तेच नोंदवलं. पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते आणि नव्या नराची संतती लवकर होते, हे हर्डींचं स्पष्टीकरण. त्यावर बराच वाद झाला, पण आज बहुतेक अभ्यासक ते मानतात. गादी मिळाली तरी ती साधारण दोन-तीन वर्षंच टिकते.

म्हणून वानर किती वर्षं जगतो याला एका आकड्यात उत्तर नाही. पहिल्या दोन वर्षांत पिल्लांची गळती मोठी असते. ती दोन वर्षं निभावली तर वीस-पंचवीस वर्षं जगणं अवघड नाही, आणि त्यात माद्या पुढे. प्राणिसंग्रहालयातल्या नोंदी तिशीच्या आसपास थांबतात. बाहेर बिबट्या आहे, गावात कुत्री, विजेच्या तारा आणि गाड्या आहेत.

आणि आता बिस्किटं आहेत. चिखलदऱ्याच्या पॉइंटांवर, गाविलगडाच्या वाटेवर वानराला बिस्कीट, वेफर्स, केळं देणं हा सहलीचा भागच झाला आहे. देणाऱ्याच्या मनात मारुतीच असतो. पण बैलाने रात्री दावं तोडून ज्वारीच्या राशीत तोंड घातलं की सकाळी काय होतं, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. साखर आणि पीठ आंबवण्याच्या कप्प्यात भराभर आंबतं, आम्ल साचतं, पालवी पचवणारे जिवाणू मरतात. पोट तसंच असल्याने वानरालाही तोच धोका आहे. शिवाय माणसाच्या हाताकडे पाहायला शिकलेला कळप रस्त्यावर येऊन बसतो आणि गाडीखाली जातो.

तेव्हा घाट चढताना काचा वर घ्या आणि पुडा पिशवीतच राहू द्या. शनिवारचा नेमच असेल तर गावातल्या मारुतीला नारळ फोडा.