रक्तपिशवीतून डासांचे विषाणू

डेंग्यू डासापासून होतो, मग तो रक्त चढवल्यानेही होईल का, असा प्रश्न कोसाड परिसरातील पालक पावसाळ्यात मला वारंवार विचारतात. थॅलेसेमियाच्या बालकांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घ्यावे लागते. त्यांच्या पालकांची चिंता तर अधिकच रास्त आहे.

याचे उत्तर ‘होय, परंतु क्वचित’ असे आहे. डेंग्यूचा विषाणू ताप येण्यापूर्वी एक-दोन दिवस आधीच रक्तात असतो. शिवाय बाधितांपैकी बहुसंख्यांना लक्षणे जाणवतच नाहीत. अशी व्यक्ती शिबिरात निरोगी ठरते आणि सद्भावनेने रक्तदान करते. सिंगापूर येथे २००७ साली एका दात्याच्या रक्ताचे घटक तिघांना दिले गेले व तिघांनाही डेंग्यूचा संसर्ग झाला. अमेरिकेत २००२ साली वेस्ट नाईल विषाणू रक्तातून पसरल्याची २३ उदाहरणे नोंदली गेली. पुढच्याच वर्षी तेथे दात्यांच्या रक्तात या विषाणूचा शोध घेणारी चाचणी सुरू झाली.

आपल्याकडे प्रत्येक रक्तपिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी बंधनकारक आहे. डेंग्यू, चिकुनगुनिया व झिका यांचा त्यात समावेश नाही. म्हणूनच दात्याने दिलेली खरी माहिती हीच येथे पहिली चाचणी ठरते.

दात्यांना विनंती अशी की, अंगात कणकण असल्यास रक्तदान पुढे ढकलावे. नुकताच डेंग्यू वा चिकुनगुनिया होऊन गेला असल्यास तो लपवू नये. रक्तदानानंतर दोन-चार दिवसांत ताप आल्यास रक्तपेढीस तत्काळ दूरध्वनी करावा. पिशवी वापरली गेली नसेल तर ती बाजूला काढता येते. त्या एका दूरध्वनीने एखादे बालक वाचू शकेल.

व्यवसायबंधूंनी डेंग्यूच्या रुग्णास केवळ घटलेल्या आकड्याकडे पाहून प्लेटलेट्स देऊ नयेत. टाळलेली प्रत्येक अनावश्यक पिशवी म्हणजे टाळलेला धोका होय. रक्त दिल्यानंतर दोन आठवड्यांत ताप आल्यास हे कारणही मनात आणावे आणि रक्तपेढीस कळवावे. अशा नोंदींसाठी २०१२ पासून राष्ट्रीय हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे.

पालकांनी मात्र भीतीपोटी आवश्यक रक्त नाकारू नये. रक्ताअभावी होणारी हानी निश्चित असते, हा धोका विरळा. घरातील पाण्याच्या टाकीत वाढणारा डास रक्तपिशवीहून कितीतरी अधिक धोकादायक आहे. ती टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासणे आपल्या हाती आहे.