मनोरुग्ण आणि पोलीस : संरक्षण, अटक नव्हे

सुरत शहरातील पांडेसरा ही कापडाच्या रंगाई-छपाईची मोठी औद्योगिक वसाहत. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे येथे आणि शेजारच्या उधना, लिंबायत भागांत राहतात. घरची मंडळी गावी ठेवून एकटे राहणारे कामगारही आहेत. अशा ठिकाणी एखादा इसम भान हरपून रस्तोरस्ती भटकू लागला, तर त्याला ओळखणारे कोणी जवळ असेलच असे नाही. अशा वेळी त्याची पहिली जबाबदारी कायद्याने पोलिसांवर टाकली आहे.

ही जबाबदारी पूर्वी वेगळ्या स्वरूपाची होती. १९१२ च्या ल्यूनसी अ‍ॅक्टमध्ये अशा इसमास ‘अटक’ करण्याची तरतूद होती. १९८७ च्या कायद्याने ‘संरक्षण’ हा शब्द आणला. तथापि त्या इसमास २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागे. गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये दिला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला आणि पोलिसांची वाट थेट रुग्णालयाकडे वळली.

कलम १०० काय सांगते?

भटकणारा इसम मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ आहे, अथवा त्या आजारामुळे त्याच्यापासून त्याला स्वतःला वा इतरांना धोका आहे, असे मानण्यास सबळ कारण असल्यास ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने त्यास संरक्षणाखाली घ्यावयाचे असते. त्याचे कारण त्या इसमास, व त्यास समजणे कठीण असल्यास त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीस, सांगणे बंधनकारक आहे. ज्यास केवळ अहिराणी कळते, त्यास कारण अहिराणीतून सांगितले तरच या तरतुदीचा हेतू सफल होईल.

शक्य तितक्या लवकर, आणि फार तर २४ तासांच्या आत, त्यास नजीकच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावे लागते. सुरतचे नवे सिव्हिल हॉस्पिटल हे असे एक सरकारी रुग्णालय आहे. आजार आहे किंवा नाही, हे ठरविण्याचे काम पोलिसांचे नसून तपासणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे होय. कोणत्याही परिस्थितीत अशा इसमास कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. दाखल करण्याची गरज नसल्यास पोलिसांनी त्यास घरी, अथवा बेघर असल्यास सरकारी निवाऱ्यात, पोचवावे.

गावकऱ्यांचा वाटा

भटकत असलेल्या मनोरुग्णाबाबत हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून त्याच्या कुटुंबाचा शोध घेणे, हेही ठाणे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. मात्र गावाकडील नातेवाइकांनी आपल्या ठाण्यात छायाचित्रासह तक्रार दिली असेल, तरच दोन्ही टोके लवकर जुळतील. म्हणून ‘येईल आपोआप’ अशा भरवशावर दिवस घालवू नयेत.

घरातच मनोरुग्णाचा छळ वा हेळसांड होत असल्यास कलम १०१ नुसार कोणीही पोलिसांना कळवावे. शिक्षकांनी व सरपंचांनी ही माहिती गावात सांगावी. सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी अहोरात्र उपलब्ध आहे.